अवजारांच्या रंगाची चकाकी : कोणत्या कोनातून पाहावी, कशी मोजावी?



बाजारात वांगी निवडताना आपण प्रथम त्यांची तकाकी पाहतो. तकाकी गेलेले वांगे निबर झाले आहे, आतील बी कडक झाले आहे, हे कापून न पाहताच कळते. लोखंडी अवजारावरील रंगाचेही तसेच आहे. रंग उतरण्याची पहिली खूण म्हणजे पोपडे किंवा गंज नव्हे. त्याआधी बरेच दिवस रंगाची चकाकी कमी होऊ लागते. ही खूण वेळीच ओळखली तर धुऊन, घासून एक हात रंग दिला की काम भागते. दुर्लक्ष झाले तर सर्व रंग खरवडणे, प्रायमर देणे व पुन्हा दोन हात देणे असा तिप्पट व्याप होतो आणि तोपर्यंत पत्रा खाल्ला गेलेला असतो. म्हणून रंगाची चकाकी म्हणजे काय, ती निरनिराळ्या कोनांतून का मोजतात आणि यंत्र नसतानाही ती घरी कशी पारखावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

तळा परिसरात रंग लवकर का उतरतो?

रंगाचे तीन मुख्य शत्रू आहेत : ऊन, पाणी व मीठ. रायगड जिल्ह्यात हे तिन्ही एकत्र भेटतात. तळा तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने हवा सतत दमट असते. मांदाड खाडीकडील गावांत खारे वारे येतात. पाऊस संपताच ऑक्टोबरचे कडक ऊन सुरू होते व ते मेअखेरपर्यंत राहते.

उन्हातील अतिनील किरणांमुळे रंगाला बांधून ठेवणारा राळेचा भाग हळूहळू विघटित होतो. वरचा अतिशय पातळ थर झिजला की आतील रंगद्रव्याचे कण उघडे पडतात. पृष्ठभाग डोळ्यांना दिसणार नाही इतका खडबडीत होतो व चकाकी जाते. पुढे हेच कण पिठासारखे बोटाला लागतात. याला खडू सुटणे म्हणतात. त्यानंतर थर पातळ होत जातो, त्यातून पाणी व क्षार लोखंडापर्यंत पोहोचतात आणि गंज धरतो.

सर्व बाजू सारख्या झिजत नाहीत. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यातील कलते ऊन दक्षिण बाजूवर पडते. म्हणून फाटक, पाण्याची टाकी, पंपाची पेटी किंवा उघड्यावर ठेवलेला पॉवर टिलर तपासताना दक्षिण व नैर्ऋत्य बाजू आधी पाहावी. उत्तर बाजूला शेवाळ धरून रंग निस्तेज दिसतो, पण तेथे बहुधा रंग आतून शाबूत असतो.

चकाकी म्हणजे काय?

गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात तो पलीकडे परत जातो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर तोच प्रकाश चहूकडे विखुरतो. ठरावीक कोनात पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश बरोबर समोरच्या कोनात परत आला, यावरून चकाकी ठरवतात. त्यासाठी असलेल्या उपकरणाला ग्लॉस मीटर म्हणतात. हाताच्या मुठीत मावेल एवढ्या या पेटीत एका बाजूला दिवा व दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा घटक असतो.

मोजमापासाठी तुलनेचे माप म्हणून घासून गुळगुळीत केलेली काळी काच घेतात. तिचा अपवर्तनांक १.५६७ असतो व तिची चकाकी १०० मानली जाते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १०० अंक म्हणजे १०० टक्के प्रकाश परत आला असे नव्हे. ही काच २० अंशांच्या कोनात सुमारे ५ टक्के, ६० अंशांत सुमारे १० टक्के आणि ८५ अंशांत सुमारे ६२ टक्के प्रकाश परत पाठवते. तरीही प्रत्येक कोनात तिला १०० च अंक देतात. त्यामुळे एका कोनातील अंकाची दुसऱ्या कोनातील अंकाशी तुलना करता येत नाही. नुसते 'चकाकी ८०' असे कोणी सांगितले तर 'कोणत्या कोनात?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कोन का बदलावा लागतो?

कोन नेहमी पृष्ठभागावर उभ्या केलेल्या लंबापासून मोजतात. म्हणजे २० अंशांत जवळजवळ वरून पाहणे, ६० अंशांत तिरपे पाहणे आणि ८५ अंशांत पृष्ठभागाला डोळा टेकवल्यासारखे पाहणे होय.

चिखलणी केलेले खाचर आठवा. भर दुपारी बांधावरून खाली पाहिले तर फक्त साचलेल्या पाण्याचे डबके चमकते, चिखल मंद दिसतो. सूर्य मावळतीला आल्यावर त्याच बांधावर बसून दूरवर पाहिले तर सगळे खाचर चकाकते. चिखल बदललेला नसतो, कोन बदललेला असतो. प्रकाश जितका सपाट येतो तितका पृष्ठभागाचा खडबडीतपणा कमी जाणवतो आणि परत येणारा प्रकाशही वाढतो.

यावरून तीन कोनांचा उपयोग कळतो. अगदी मंद रंगाची चकाकी वरून पाहिल्यास सगळीकडे शून्याजवळच येते. दोन मंद रंगांतील फरक दिसण्यासाठी सपाट कोन लागतो. उलट, तकतकीत रंग सपाट कोनातून पाहिले तर सगळेच उत्तम दिसतात. त्यांच्यातील दोष दिसण्यासाठी वरून पाहावे लागते.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेतील रिचर्ड हंटर यांनी १९३७ मध्ये चकाकीचे सहा प्रकार वर्गवारी करून मांडले. त्यानंतर १९३९ मध्ये ६० अंशांची पद्धत तेथे प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आणि १९५१ मध्ये २० व ८५ अंशांची भर पडली. आपल्या देशातही रंगांच्या तपासणीसाठी आयएस १०१ हे भारतीय मानक असून त्याच्या चौथ्या भागात चकाकीची परीक्षा दिलेली आहे.

तक्ता १ : कोन निवडण्याची रीत

प्रथम सर्व रंगांसाठी ६० अंशांत मोजावे.
६० अंशांत १० ते ७० अंक : मध्यम चकाकी. हेच मोजमाप धरावे.
६० अंशांत ७० पेक्षा जास्त : तकतकीत रंग. २० अंशांत पुन्हा मोजावे.
६० अंशांत १० पेक्षा कमी : मंद रंग. ८५ अंशांत पुन्हा मोजावे.

उदाहरणार्थ, ऑइलपेंट दिलेल्या दोन पट्ट्यांची चकाकी ६० अंशांत ९० व ८६ आली असे समजा. फरक फार वाटत नाही. त्याच पट्ट्या २० अंशांत मोजल्यावर ८० व ५५ अंक आले तर दुसऱ्या पट्टीची झीज सुरू झाली आहे किंवा तिच्यावर धुरकटपणा आला आहे, हे स्पष्ट होते. म्हणजे नव्या तकतकीत रंगाची उतरण सर्वांत आधी २० अंशांत कळते. वरून पाहताना रंग मंद वाटू लागला, पण कडेने पाहताना अजून छान चमकतो आहे, ही अवस्था म्हणजे वेळीच मिळालेला इशारा होय.

उपकरणाने मोजताना घ्यावयाची काळजी

१. जागा सपाट, कोरडी व स्वच्छ असावी. पाइप, गोल टाकी अशा वक्र पृष्ठभागावर अंक चुकीचे येतात.

२. मोजण्यापूर्वी काळ्या काचेवर उपकरण तपासून घ्यावे. काचेवर बोटांचे ठसे असू नयेत.

३. किमान तीन ठिकाणी मोजून सरासरी काढावी. ब्रशचे ओघळ असल्यास ब्रशच्या दिशेने मोजावे. आडवे मोजल्यास अंक कमी येतात.

४. तुलना एकाच छटेच्या रंगांची करावी. पांढऱ्या रंगात आतून विखुरलेला थोडा प्रकाश मिसळत असल्याने त्याचे अंक काळ्या रंगापेक्षा किंचित जास्त येतात. मंद रंगात हा फरक अधिक जाणवतो.

५. सुरुवातीचा अंक लिहून ठेवावा. पुढील मोजमापाला त्याने भागून १०० ने गुणावे. नव्या रंगाचे ६० अंशांत ८५ अंक होते व दोन पावसाळ्यांनंतर ५१ राहिले, तर ६० टक्के चकाकी टिकली असे म्हणावे. एकट्या अंकापेक्षा ही टक्केवारी अधिक उपयोगी आहे.

हे उपकरण रंगाचे कारखाने, पावडर कोटिंग करणारे मोठे उद्योग व तपासणी प्रयोगशाळा यांच्याकडे असते. एकट्या शेतकऱ्याने ते विकत घेण्याची गरज नाही. त्यामागील तत्त्व मात्र आपल्याला घरी वापरता येते.

यंत्राशिवाय घरगुती परीक्षा

साक्षी पट्टी : फाटक किंवा अवजार रंगवताना त्याच डब्यातील रंगाचे तेवढेच हात दोन लहान पत्र्याच्या पट्ट्यांवर द्यावेत. पट्ट्या साधारण वहीच्या पानाएवढ्या व सपाट असाव्यात. मागे तारीख व रंगाचे नाव लिहावे. पूर्ण वाळल्यावर एक पट्टी घरात पेटीत ठेवावी व दुसरी अवजाराशेजारी उघड्यावर बांधावी. घरातील पांढरी पट्टी अंधारामुळे काहीशी पिवळी पडेल, त्याची चिंता करू नये. आपल्याला छटा नव्हे, चकाकी पाहावयाची आहे.

वर्तमानपत्राची परीक्षा : पट्टी धुऊन, पुसून टेबलावर आडवी ठेवावी. एका बाजूला वर्तमानपत्राचा मोठ्या अक्षरांचा मथळा उजेडात धरावा व दुसऱ्या बाजूने त्याचे प्रतिबिंब पट्टीत पाहावे. कोन साधण्यासाठी पुढील अंतरे फूटपट्टीने मोजावीत. कागद व डोळा दोन्ही पट्टीच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर, पण समोरासमोरच्या बाजूंना असावेत.

तक्ता २ : कोन साधण्यासाठी उंची व अंतर

२० अंश : उंची १२ इंच, आडवे अंतर साडेचार इंच.
६० अंश : उंची १२ इंच, आडवे अंतर २१ इंच.
८५ अंश : उंची १ इंच, आडवे अंतर साडेअकरा इंच.

अक्षरे उलटी दिसतील, पण त्यांच्या कडा स्पष्ट आहेत की पुसट, हे सहज कळते. आधी घरातील व मग उघड्यावरील पट्टी पाहावी. नवा ऑइलपेंट २० अंशांतही अक्षरे दाखवतो. थोडा उतरलेला रंग २० अंशांत पुसट व ६० अंशांत बरा दिसतो. जो रंग ६० अंशांतही अक्षर दाखवत नाही आणि केवळ ८५ अंशांत उजेडाची पट्टी दाखवतो, त्याचा वरचा थर पुष्कळ झिजलेला आहे असे समजावे. या रीतीत खरे म्हणजे प्रतिबिंबाची स्पष्टता दिसते. ती व चकाकी अगदी एकच नव्हेत, पण रंगाची झीज ओळखण्यास ही परीक्षा पुरेशी आहे. फाटकासारख्या उभ्या पृष्ठभागावरही याच प्रमाणात उभे राहून पाहता येते.

काळ्या फडक्याची परीक्षा : कोरड्या रंगावर काळे सुती फडके बोटाने दाबून एकदा फिरवावे. पांढुरकी किंवा रंगाची भुकटी लागली तर खडू सुटू लागला आहे.

ही पाहणी दरवर्षी खंडेनवमीला करावी. त्या दिवशी आपण अवजारे धुऊन पुसून पूजेला मांडतोच. पावसाळ्याने काय केले ते तेव्हा ताजे दिसते. पुढे भात कापणी व मळणीची घाई असल्याने रंगाचे काम मळणी आटोपल्यावर घ्यावे.

पाहणीवरून काय करावे?

धुतल्यावर चकाकी परत आली : तो नुसता चिखल, शेवाळ किंवा औषधाचा थर होता. रंग देण्याची गरज नाही. सुपारी किंवा आंबा बागेत बोर्डो मिश्रण फवारले असेल तर त्याचा निळसर पांढरा थर अवजारावर राहू देऊ नये. त्यातील ताम्र उघड्या लोखंडाला लवकर गंजवते. फवारणीनंतर त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावे.

चकाकी कमी, पण भुकटी नाही व थर अखंड आहे : नोंद करून ठेवावी व पुढील वर्षी पुन्हा पाहावे.

चकाकी गेली व भुकटी लागते, पण गंज नाही : हीच रंग देण्याची योग्य वेळ होय. साबणाच्या पाण्याने धुवावे, वॉटर पेपरने ओले घासावे, पूर्ण वाळवावे व ऑइलपेंटचा एक हात द्यावा. भुकटीवर तसाच रंग दिल्यास तो भुकटीसह सुटतो.

गंजाचे ठिपके किंवा फुगे दिसतात : तेवढी जागा तारेच्या ब्रशने शुद्ध लोखंड दिसेपर्यंत साफ करावी. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा व वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत.

जमिनीत चालणारा फाळ, पाते यांना रंगाचा उपयोग नाही. त्यांना वापरानंतर धुऊन तेल किंवा ग्रीस लावावे.

चकाकी काय सांगत नाही?

चकाकी म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे. गंजावर दिलेला एकच पातळ हातही पहिल्या दिवशी आरशासारखा चमकतो. थराची जाडी व त्याची लोखंडावरील पकड या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या परीक्षाही वेगळ्या आहेत. म्हणून नव्या अवजाराची चमक पाहून भुलू नये. कोपरे, जोड व वेल्डिंगच्या रेषा तपासाव्यात. रंग तेथेच सर्वांत पातळ बसतो.

तसेच मंद दिसणारा प्रत्येक थर वाईट नसतो. रेड ऑक्साइड प्रायमर मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर पुढचा हात चांगला पकड घेतो. याच कारणाने जुन्या तकतकीत रंगावर नवा रंग देण्यापूर्वी जुनी चकाकी घासून मारावी लागते. घासलेला पृष्ठभाग कोणत्याही कोनातून सारखाच मंद दिसला पाहिजे. कोठे चमकणारे ठिगळ राहिले तर नवा रंग तेथूनच सुटतो.

चकाकी टिकावी म्हणून

१. कोकणात रंगाचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करावी व सूर्य कलण्याआधी थांबावे. ओल्या रंगावर दव पडले तर दुसऱ्या दिवशी चकाकी गेलेली, धुरकट दिसते. हा दोष पुसून जात नाही.

२. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा जास्त असताना रंग देऊ नये.

३. रंग सावलीत द्यावा. तापलेल्या पत्र्यावर ब्रशचे ओघळ राहतात.

४. ऑइलपेंट पातळ करण्यासाठी डब्यावर सांगितलेला थिनर किंवा टर्पेंटाइनच वापरावे. रॉकेल मिसळल्यास रंग उशिरा वाळतो व मंद होतो.

५. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. जाड हात वरून वाळतो, आतून ओला राहतो व सुरकुततो.

६. जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. म्हणून ओले घासावे, नाकाला फडके बांधावे, लहान मुलांना व जनावरांना दूर ठेवावे आणि घासलेला गाळ विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

खरेदी करताना

बाहेर वापरण्याच्या सिंथेटिक इनॅमलसाठी आयएस २९३२ हे भारतीय मानक आहे. डब्यावर मानकाचा उल्लेख, तारीख व बाहेरील वापरासाठी असल्याची नोंद पाहावी. अवजार पावडर कोटिंग केलेले असेल तर ते पॉलिस्टर आहे की इपॉक्सी, हे विचारावे. इपॉक्सीची पकड चांगली असते, पण उन्हात तिच्यावर लवकर खडू सुटतो. उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला पॉलिस्टर बरे.

शेतकरी गट किंवा अवजार बँक एकाच वेळी अनेक यंत्रे घेत असेल तर मागणीपत्रातच रंगाची ६० व २० अंशांतील चकाकी आणि थराची जाडी यांचे दाखले मागावेत. हे अंक नोंदवहीत राहिले तर पुढे रंगाबद्दल तक्रार करताना नुसत्या शब्दांवर विसंबावे लागत नाही.

बंधू-भगिनींनो, रंग हे लोखंडाचे कातडे आहे. या खंडेनवमीला अवजार धुतल्यावर एकदा वरून, एकदा तिरपे व एकदा कडेने पाहावे. तीनही वेळा काय दिसले ते तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून पुन्हा पाहिले की रंग किती उतरला व ब्रश केव्हा हाती घ्यायचा, हे आपले आपणच ठरवता येईल.